शाळेचं निर्लेखन

माळधामणी, ता. सेनगाव
१८ जानेवारी २०२५

मित्र व्यंकट यास नामाजीचा रामराम आणि उशिराचा तिळगूळ.

तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायची सोय राहिली नाही. मागल्या वेळी मी "म्हैस व्याली" म्हणालो, तर तू "अरेरे, वय किती होतं?" म्हणालास. तेव्हाच ठरवलं, पत्र बरं. धर्मसिंगची जीप रोज गोरेगावहून हिंगोलीला येते, तो तुझ्या दारात टाकील.

बातमी अशी की आपल्या शाळेचं नशीब उघडलं. आपण पहिली ते चौथी ज्या दोन दगडी खोल्यांत शिकलो, त्यांची दशा तुला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीतला एक दगड माझ्या नातीच्या, निताच्या, पाटीपासून वीतभर अंतरावर पडला. ती तिसरीत आहे. तिच्यापायीच मी शाळा समितीचा अध्यक्ष झालो आणि "खोल्यांचं काहीतरी करा" म्हणून कचेरीत अर्जावर अर्ज टाकले. अखेर उत्तर आलं: "सदर दोन वर्गखोल्यांचे निर्लेखन करण्यास तत्त्वतः मान्यता देण्यात येत असून, अंतिम पाहणीपूर्वी समितीने आवश्यक ती पूर्वतयारी करावी."

रत्नपाल मास्तर पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेलेले. मी पारावर पत्र मोठ्यानं वाचलं. देविदासनं विचारलं, "आबा, निर्लेखन म्हंजी काय वो?" आता सगळं गाव तोंडाकडे बघत असताना अध्यक्षानं "मला माहीत नाही" म्हणायचं का? मी म्हणालो, "सोपं हाय. नीर म्हंजी पाणी. लेखन म्हंजी लिवणं. भिंतीला पाण्याचा रंग द्यायचा अन् वर लिवायचं. वॉटर पेंट म्हंतेत ते."

सगळ्यांना पटलं. तुला सांगतो, मलाही पटलं!

मग काय, आठ दिवस गाव शाळेत. भेगा सिमेंटनं बुजवल्या, आत-बाहेर रंग दिला, पाढे लिहिले, झाडं लावा, पाणी जिरवा, सगळं लिहिलं. मागच्या भिंतीला पोट सुटलंय ना, तिथं मोठी सरस्वती काढली. पोटामुळं ती चांगली खात्यापित्या घरची दिसते. आणि दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत काय लिहिलं असेल? "कै. नरहर गुरुजी". तुझ्या वडिलांचं नाव त्या शाळेवर नाही तर कुठं असणार?

खिडकीजवळचा कोपरा मी स्वतः रंगवला. त्याच कोपऱ्यात गुरुजींनी मला बारा छड्या मारल्या होत्या. चौकटीवर कोणीतरी "गुरुजी झोपतात" असं कोरलं होतं. ज्या चाकूनं कोरलं तो माझा, मेंढरामागं न्यायचा, म्हणून मार मला. कोरणारा कोण ते आजवर कळलं नाही. तुला काही आठवतं का?

वासंतीवहिनींना नमस्कार.

तुझा
नामा


हिंगोली
२१ जानेवारी २०२५

प्रिय नामा,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की वासंती स्वयंपाकघरातून धावत आली. मग पुन्हा वाचलं आणि हसू पळालं.

अरे शहाण्या, निर्लेखन म्हणजे पाडणे! "निर्" म्हणजे नसणे. निर्दोष, निर्धन, त्यातला तो "निर्". त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. लेखन म्हणजे नोंद. सरकारी नोंदवहीतून एखाद्या वस्तूचं नाव काढून टाकायचं आणि मग ती वस्तू मोडीत काढायची. मोडक्या खुर्चीचं निर्लेखन होतं तसंच इमारतीचं. बांधकामाच्या टेबलावर मी इतकी वर्षं काढली, शेकडो निर्लेखनं केली, पण निर्लेखन करायच्या इमारतीला रंग दिलेला ऐकला नव्हता. पूर्वतयारी म्हणजे पत्रे उतरवणं, सामान हलवणं. तुम्ही तिला नवरीसारखं नटवलंत.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुन्या खोल्या पडल्या तरच त्या जागी नव्या मिळतात. पाहणीला अभियंता येईल, तो रंग बघेल आणि फसेल. तो येण्याआधी गावाला खरं काय ते सांग. उशीर करू नकोस.

अप्पांचं नाव तुम्ही भिंतीवर लिहिलंत, त्याबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही. त्याचा एक फोटो कोणाकडून तरी पाठव.

सत्यभामावहिनींना नमस्कार.

तुझा
व्यंकट


माळधामणी
९ फेब्रुवारी २०२५

व्यंकट, रामराम.

तुझं पत्र मिळालं आणि मी ते तीन दिवस गादीखाली ठेवलं. लाज वाटली रे. ज्या गावाला मी पारावर बसून शब्द शिकवला, त्यालाच "मी गाढव आहे" असं कोणत्या तोंडानं सांगू? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता चौथ्या दिवशी अभियंता साहेबच आले.

त्यांनी शाळेला एक चक्कर मारली. सरस्वतीपुढं चप्पल काढली. म्हणाले, "इतकी सुंदर शाळा कशाला पाडायची? तुमच्या गावाचं कौतुक केलं पाहिजे." आणि कागदावर "इमारत सुस्थितीत" असं लिहून गेले. पाडायचं नाव निघालं तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. तेवढ्यात देविदासनं माझ्या गळ्यात हार घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तो हार घालून उभा राहिलो. इतका लाजिरवाणा हार मी जन्मात घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल मास्तर परत आले. त्यांनी पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. तासाभरात सगळ्या गावाला कळलं. आता लोक म्हणतात, अध्यक्षानं भिंतीलाही चुना लावला आणि आम्हालाही. आमची सत्यभामाबाई तर काही बोलायचं ठेवत नाही. म्हणते, "पाण्यानं लिवलं व्हय? मंग गेलं पाण्यात!"

लोकांनी हसावं, मला त्याचं काही नाही. पण नव्या खोल्यांची मंजुरी मार्चअखेर दुसऱ्या गावाला जाते, असं मास्तर सांगतात. म्हणजे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लेकरं पुन्हा त्याच भिंतीखाली बसणार. आणि आता वरून रंग आहे, म्हणजे भेग कुठं चालली तेही दिसणार नाही. हे माझ्यामुळं झालं. व्यंकट, मला घास गोड लागत नाही.

तू त्या टेबलावर होतास. काहीतरी कर. आणि हा शब्द ज्यानं आमच्या पत्रात घातला, त्याला एकदा आमच्या त्या भिंतीखाली बसवायचं आहे.

नामा

ता. क. छड्यांबद्दल मी विचारलं होतं. तू काहीच लिहिलं नाहीस.


हिंगोली
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नामा,

झालं ते झालं. फेरपाहणीची सोय असते. सोबत अर्जाचा मसुदा पाठवत आहे. जसाच्या तसा उतरवून सही कर आणि धर्मसिंगबरोबर पाठव, मी स्वतः कचेरीत नेऊन देईन. एकही शब्द बदलू नकोस. ह्या गोष्टी शब्दांवर अडतात.

शब्द कोणी घातला वगैरे आता उकरून काय करायचं? काम महत्त्वाचं. जुन्या गोष्टींचंही तसंच.

तुझा
व्यंकट


माळधामणी
२३ फेब्रुवारी २०२५

व्यंकट, रामराम.

तुझा मसुदा मिळाला. पुन्हा चूक नको म्हणून ह्या खेपेला मी तो समितीपुढं वाचला. "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर इमारतीचे बाह्यस्वरूप व अंतर्गत स्थिती यांमध्ये तफावत परिलक्षित होत असल्याने..." इथवर आलो तर जनकाबाई, आपल्या शाळेची खिचडी शिजवते ती, म्हणाली, "आबा, ह्याच्यात शाळा पाडा म्हून कुटं लिवलंय?" आम्ही शेवटपर्यंत शोधलं. कुठंच नव्हतं! देविदासला वाटलं, तू पंखे मागितलेत.

तेव्हा रागावू नकोस. मी माझ्या हातानं लिहिलं. पाठवतो आहे तसं नेऊन दे:

"साहेब, रामराम. चूक माझी आहे. निर्लेखन म्हणजे रंग देणे असं मीच गावाला सांगितलं. आमची शाळा दिसायला चांगली आहे, पण आतून पडकी आहे. सरस्वतीच्या मागं भिंत पोकळ आहे. साहेब, एकदा या आणि तिसरीच्या शेवटच्या ओळीत, माझी नात बसते तिथं, एक तास बसा. मग तुम्हाला वाटेल ते लिहा. आमची शाळा पाडा. नामाजी, अध्यक्ष."

चालेल ना?

नामा


हिंगोली
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय नामा,

तुझा अर्ज आज नेऊन दिला. टेबलावरच्या मुलीनं तो वाचला, उठली आणि थेट आत घेऊन गेली. माझ्या सगळ्या नोकरीत माझा कागद कोणी असा उचलून नेला नाही.

घरी येताना रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात होती, ती आता लिहून टाकतो. तो शब्द मी घातला. मी काही तो शोधून काढला नाही, सरकारी कोशात होता. पण आमच्या नमुन्यात पूर्वी "पाडून टाकणे" असंच असायचं. मी त्या टेबलावर आलो तेव्हा पहिलीच फाईल कुठल्याशा गावच्या शाळेची होती. "शाळा पाडून टाकावी" एवढंच लिहायचं होतं. हात चालेना. शाळा म्हटलं की मला अप्पा दिसायचे, धोतराचा सोगा खोचून फळा पुसणारे. मग कोश उघडला. निर्लेखन सापडलं. बरं वाटलं. त्या शब्दात दगड पडल्याचा आवाज नव्हता, धूळ नव्हती. साहेबांनी शाबासकी दिली आणि नमुना कायम झाला. पत्र ज्या गावात जाईल तिथं ते कोण वाचेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

तेव्हा तुझ्या भिंतीखाली बसवायचा माणूस मीच. कधी येऊ ते सांग.

आणखी एक. अप्पांच्या नावाचा फोटो मिळाला. मला क्षणभर वाटलं, नकोच पाडायला, राहू दे ती भिंत. असं वाटलं ह्याची लाज वाटते. निताला आशीर्वाद.

व्यंकट


माळधामणी
३ मे २०२५

व्यंकट, रामराम.

मार्चमध्ये मंजुरीची बातमी मी फोनवर ओरडून सांगितली, ती तुला बरोबर ऐकू आली, हे विशेष. पण ती मिळाली कशी, ते राहिलं सांगायचं.

साहेब आले आणि खरंच तिसरीच्या शेवटच्या ओळीत मांडी घालून बसले. रत्नपाल मास्तरांनी भागाकार सुरू केला. भिंतीच्या पलीकडं जनकाबाई खिचडीचा मसाला कुटते. त्या दिवशी बाईनं जरा जास्तच जीव लावून कुटला. मुसळाचा एक घाव बसला की साहेबांच्या डोक्यावर पसाभर माती. तीन घावांत साहेब पांढरे झाले. "काहून उठले साहेब?" निता म्हणाली, "आमी तं रोज बसताव." साहेब परत खाली बसले. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं: "शाळा ताबडतोब पाडावी." साधे तीन शब्द. माझा जीव भांड्यात पडला.

आता सुट्ट्या लागल्या. पत्रे उतरवले, फळे हलवले. गोरेगावहून आपला प्रभू जेसीबी घेऊन आला. तोही ह्याच शाळेचा. मशीन भिंतीपाशी आणलं आणि बंद करून खाली उतरला. म्हणाला, "आबा, सरस्वतीवर बकेट घालू म्हंता? अन् गुरुजीच्या नावावर? माझ्याच्यानं न्हाई व्हणार. आधी लिवलेलं काढा."

त्याचं बरोबर आहे. सरस्वतीला सत्यभामेनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि चुन्याचा हात दिला. पण गुरुजींच्या नावावर कुंचला फिरवायला गावात कोणी पुढं येईना. मी गेलो, पण हात उचलला नाही. मशीन दोन दिवस उभं आहे. मंगळवारपासून ते कळमनुरीच्या कामावर जाणार, मग पावसाळ्याआधी पुन्हा मिळत नाही.

निर्लेखन म्हणजे लिहिलेलं काढून टाकणं, असं तूच लिहिलं होतंस. तर ये आणि कर.

नामा


हिंगोली
४ मे २०२५

नामा,

उद्या सोमवारी धर्मसिंगच्या पहिल्या जीपनं येतो. चुना भिजवून ठेव. कुंचला मी आणतो. अप्पांचा आहे. दर दिवाळीला ते ह्याच कुंचल्यानं शाळेला चुना द्यायचे.

व्यंकट


माळधामणी
११ मे २०२५

व्यंकट, रामराम.

तू गेल्यापासून घरात तुझाच विषय आहे. सत्यभामा म्हणते, भाऊजी किती वाळले. मी म्हटलं, इतकी वर्षं कागद खाऊन आणखी काय होणार?

थट्टा राहू दे. तू "कै." पासून सुरुवात केलीस आणि शेवटच्या "जी"पाशी थांबलास. मग तू तेही पुसलंस. मला रडू आलं, हे मी सरळ सांगतो. मागची भिंत पडली तेव्हा तू विहिरीकडं तोंड करून उभा होतास, म्हणून कशी पडली ते सांगतो. प्रभूनं नुसतं टेकवलं आणि अख्खी भिंत बसली. आतून भुसभुशीत माती निघाली, दगडाला दगड धरून नव्हता. निताची जागा त्याच ढिगाखाली आली. तो ढीग बघितल्यावर गावात मला कोणी अध्यक्ष म्हणून हसत नाही. तूही तो बघायला हवा होतास.

आता दुसरी गोष्ट. तू गेल्यावर देविदास खिडकीची चौकट जळणाला नेत होता. सागवान आहे, म्हणून मी तासून बघायला लावली. वरचा तेलरंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा, सगळ्यात खाली गुरुजींनी फासलेलं डांबर. आणि डांबराखाली अक्षरं जशीच्या तशी. "गुरुजी झोपतात."

देविदास म्हणाला, "आबा, काय अक्षर हाय! मोत्यावानी." मीही चष्मा लावून बघितलं. रु ऱ्हस्व, जी दीर्घ. "झो"ला काना-मात्रा बराबर. आपल्या वर्गात सतरा पोरं होती. त्यातली सोळा "गूरूजि" लिहायची. मी तर आजही हे पत्र निताकडून तपासून घेतो.

चौकट मी घरी आणली. सत्यभामा म्हणाली, "हे जळण काहून आणलं?" मी म्हटलं, जळण नाही ते, माझ्या मित्राचं पत्र आहे, पोचायला उशीर झाला.

मी काही विचारत नाही.

नामा


हिंगोली
१५ मे २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, माळधामणी

विषय: सन १९६६ मधील चौकटीवरील कोरीव मजकुराबाबत खुलासा सादर करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन करण्यात येते की, सदर प्रकरणी प्रस्तुत अर्जदाराचा सहभाग असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत

वरचं सगळं खोडलं आहे, ते दिसतच असेल. चार कागद फाडले, हा पाचवा.

नामा, ते मी कोरलं. तुझा चाकू तुझ्या दप्तरातून मी घेतला. अप्पा खरंच झोपले होते, जेवून आल्यावर त्यांना रोज डुलकी लागायची, आणि मला ती मोठी गंमत वाटली होती. त्यांनी छडी उचलली तेव्हा मी उठणार होतो. पाय उठले नाहीत. बारा छड्या मी जागेवर बसून मोजल्या. त्यानंतर तू संध्याकाळी मला बोरं आणून दिलीस आणि म्हणालास, "तू काहून रडून राहिला? मार तं मला बसला."

अप्पांनाही कधी सांगितलं नाही. तुला सांगायला एकोणसाठ वर्षं लागली. चुकलो. माफ कर.

व्यंक्या


माळधामणी
१८ मे २०२५

व्यंक्या, रामराम.

पायाचं खोदकाम सुरू झालं. जागेवर पाटी लावायची होती. रत्नपाल मास्तर काहीतरी "प्रस्तावित" का "प्रगतिपथावर" असं लिहीत होते. मी ते पुसायला लावलं. आता पाटीवर एवढंच आहे: "इथं शाळा बांधून राहिलो." वाचणारे थांबतात, हसतात आणि दोन घमेली माती टाकून जातात.

चौकट माझ्या ओसरीवर आहे. ती तिथंच राहील. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवतो, कोणी कोरलं ते सांगत नाही. सत्यभामेला सांगितलं आहे, म्हणजे महिन्याभरात सगळ्यांना कळेल.

बाकी, गुरुजींच्या त्या बारा छड्या मी आजवर मनात नोंदवून ठेवल्या होत्या. तुझं पत्र वाचलं आणि त्या बाराच्या बारा छड्यांचं निर्लेखन करून टाकलं. ह्या खेपेला शब्द बराबर वापरला का, तेवढं धर्मसिंगबरोबर कळव.

तुझा
नामा